सांधा उकलण्याची विद्या : झाशी, रिव्हेट आणि स्पॉट वेल्ड

धातुकामाचा इतिहास बहुधा घडणीच्या आणि जोडणीच्या अंगाने लिहिला जातो. ओतकाम, घडाई, डाखकाम, रिव्हेट मारणे, वेल्डिंग या प्रत्येक क्रियेचे शोधक, पेटंटे आणि वर्षे सांगता येतात. परंतु एकदा जोडलेला सांधा पुन्हा सोडवण्यासाठी कारागिरांनी जी हत्यारे घडवली आणि जे हातकसब कमावले, त्याची स्वतंत्र नोंद क्वचितच होते. वास्तविक आगगाडीचा डबा असो वा मोटार, तो कारखान्यात घडतो काही दिवसांत किंवा आठवड्यांत, आणि पुढची कित्येक दशके दुरुस्त होत राहतो. आणि गंजलेला वा वाकलेला भाग बदलायचा म्हणजे पहिले काम सांधा उकलण्याचेच असते. या विद्येचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट सातत्याने दिसते, ती अशी की प्रत्येक सांध्याच्या रचनेतूनच त्याला उकलणारे हत्यार जन्माला येते. काढून टाकायचा भाग कसाही निघाला तरी चालतो, मागे राहणारा भाग मात्र धड राहावा लागतो, आणि उकलणाऱ्याची पारख त्यावरूनच होते. शतकाहून अधिक काळ दुरुस्तीवरच ज्याचा औद्योगिक संसार उभा राहिला, अशा झाशी शहराच्या संदर्भात हा इतिहास मांडणे म्हणूनच उचित ठरते.

मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि १८५८ च्या वेढ्यामुळे. ओरछाच्या बुंदेल्यांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला, १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून आलेल्या नारो शंकरांनी वाढवलेले शहर, पुढे नेवाळकर घराण्याचा कारभार आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलेले संस्थान, हा झाला या नगराचा राजकीय इतिहास. औद्योगिक झाशीचा आरंभ त्यानंतर तीस वर्षांनी होतो. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मिडलंड रेल्वे या कंपनीने भोपाळहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग टाकला, आणि दक्षिणेला भोपाळ, उत्तरेला ग्वाल्हेर व आग्रा, ईशान्येला कानपूर आणि पूर्वेला माणिकपूर अशा दिशा जिथे एकत्र येतात, ते झाशी या कंपनीचे केंद्र बनले. मार्गांच्या अशा संगमावर रिकाम्या, भरलेल्या आणि नादुरुस्त डब्यांची गर्दी आपोआप होते, आणि १८९५ मध्ये तेथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला तो याच गरजेतून. मालडब्यांची दुरुस्ती हे त्या कारखान्याचे मुख्य काम आजही आहे.

या कारखान्याचा मुंबईशी असलेला संबंध केवळ लोहमार्गापुरता नव्हता. १९०० मध्ये मिडलंड कंपनीचे मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जीआयपीच्या, व्यवस्थापनाखाली आले. १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या प्रत्यक्ष ताब्यात गेली आणि १९५१ मध्ये तिच्यातून मध्य रेल्वे निर्माण झाली. मध्य रेल्वेपासून वेगळे होऊन झाशी विभाग २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वेत गेला, त्यामुळे शंभरहून अधिक वर्षे झाशीचा कारभार मुंबईतील मुख्यालयातून चालला. परळ आणि माटुंगा येथील कारखाने व झाशीचा कारखाना एकाच व्यवस्थेचे घटक होते. महाराष्ट्रातील रेल्वे कामगारांच्या अनेक कुटुंबांत झाशी हे बदलीचे गाव म्हणून ओळखीचे असते, ते या प्रशासकीय नात्यामुळे.

कारखाना उभा राहिला त्या काळात लोखंडी पत्रे, पट्ट्या आणि तुळया एकमेकांना जोडण्याचा सर्वमान्य उपाय रिव्हेट हा होता. रिव्हेट म्हणजे एका टोकाला गोल डोके असलेली आखूड पोलादी दांडी. भट्टीत ती केशरी-पिवळी होईपर्यंत तापवून दोन्ही पत्र्यांच्या जुळवलेल्या भोकांतून घालीत, एक कामगार तिच्या डोक्याला मागून जड ठोकळा लावून धरी आणि दुसरा पुढच्या बाजूने ठोकून तिचे दुसरे डोके तयार करी. या दुसऱ्या डोक्याला घाटदार गोलाई यावी म्हणून खोलगट तोंडाचे जे हत्यार ठेवतात त्याला स्नॅप म्हणतात. दांडी निवताना आखडते आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरते. सांध्याचे बळ बऱ्याच अंशी या आवळण्यात असते. मालडब्याची चौकट, तिच्या कोपऱ्यांवरचे जोडपत्रे आणि बाजूचे पत्रे अशाच रिव्हेटांनी एकत्र राहात.

मालडबा ठरावीक मुदतीने सर्वांगीण दुरुस्तीसाठी कारखान्यात येतो; रेल्वेच्या भाषेत या दुरुस्तीला पीओएच म्हणतात. कोळशाचा ओलावा, मिठाची पोती, माल चढवता-उतरवताना बसणारे धक्के आणि यार्डातील टकरा यांमुळे पत्रा झिजलेला, फाटलेला वा वाकलेला असतो, आणि तो बदलण्यासाठी रिव्हेट काढावे लागतात. जुनी पद्धत अशी होती की एक कामगार लांब दांड्याला बसवलेली छिन्नी रिव्हेटच्या डोक्याच्या मुळाशी तिरपी धरी, दुसरा घणाचे घाव घाली, आणि डोके उडाले की भोकात अडकलेली दांडी सुंब्याने, म्हणजे बोथट टोकाच्या पोलादी पंचाने, पलीकडे ठोकून काढीत. उडालेले डोके गोळीच्या वेगाने जाते, त्यामुळे छिन्नीची दिशा आणि भोवतालच्या माणसांची जागा यांना शिस्त असावी लागे. विसाव्या शतकात दाबलेल्या हवेवर चालणारे हातोडे आले आणि घणाचे काम त्यांनी पत्करले, तरी छिन्नीचा कोन राखण्याचे काम माणसाकडेच राहिले.

या कामात खरी काळजी भोकाची घ्यावी लागते. नव्या पत्र्यात नवे भोक पाडता येते, पण चौकटीतील जुने भोक ओरखडले, लांबट झाले किंवा त्याच्या काठाला चीर गेली, तर पुढचा रिव्हेट त्यात घट्ट बसत नाही आणि धावत्या गाडीच्या हादऱ्यांनी सांधा सैल होत जातो. म्हणून छिन्नी पत्र्यात घुसू न देता डोके तेवढे उडवणे आणि सुंबा भोकाच्या अक्षाशी सरळ धरणे, हीच या कामातील कुशलता होय. रिव्हेटचा मोठा गुण असा की तो दिसतो. त्याचे डोके डोळ्यांसमोर असते, त्याची जागा कोठे आहे हे शोधावे लागत नाही, आणि तो निघाल्यावर त्याचे भोक पुढच्या जोडणीसाठी तयारच असते. दुसऱ्या शब्दांत, उकलण्याची सोय या सांध्याच्या रचनेतच आहे.

झाशीचा कारखाना उभा राहिला त्याच १८९५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री ले शातेलिए यांनी असे दाखवून दिले की अ‍ॅसिटिलीन वायू ऑक्सिजनबरोबर जाळला असता ज्योतीचे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पुढच्या दशकाच्या आरंभी या ज्योतीचा हातात धरता येणारा टॉर्च तयार झाला आणि त्यातून गॅस कटिंग जन्माला आले. येथे पोलाद केवळ वितळत नाही, ते जळते. ज्योतीने एक जागा लालबुंद करून तीवर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंडाचे ऑक्साइड तयार होते. ते मूळ लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळत असल्यामुळे झोताबरोबर वाहून जाते आणि मागे चीर राहते. सरावलेला गॅस कटर या झोताने रिव्हेटचे डोके वरच्यावर धुऊन काढू शकतो आणि खालच्या पत्र्याला धक्का लागू देत नाही, कारण डोके आणि पत्रा यांच्यामधील सूक्ष्म फटीमुळे उष्णता पत्र्यात उतरायला थोडा वेळ लागतो व तेवढ्या अवधीत काम उरकते. जाड चौकटीच्या बाबतीत ही पद्धत फार सोयीची ठरली. पातळ पत्र्याच्या बाबतीत मात्र तिची मर्यादा स्पष्ट आहे, कारण उष्णतेने पातळ पत्रा पिळवटतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

पातळ पत्र्याचे युग मोटारीबरोबर आले आणि त्याने स्पॉट वेल्ड हा नवा सांधा आणला. त्याचे मूळ अमेरिकी अभियंता एलिहू थॉमसन यांनी १८८० च्या दशकात विकसित केलेल्या रोध-वेल्डिंगमध्ये आहे. दोन पत्रे एकावर एक ठेवून, दोन्ही बाजूंनी तांब्याच्या टोकांनी दाबून, त्यांतून अतिशय मोठा विद्युतप्रवाह क्षणभर सोडला, की दोन पत्र्यांच्या मिळणीच्या जागी रोध जास्त असल्यामुळे उष्णता तेथे एकवटते, धातू वितळतो आणि दाबाखाली गोठून दोन्ही पत्र्यांत मिळून एक ठिपका तयार होतो. या ठिपक्याला नगेट म्हणतात. साध्या पोलादाच्या सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या दोन पत्र्यांसाठी ८ ते १० हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ लागतो आणि नगेटचा व्यास सुमारे ५ मिलिमीटर भरतो. भोक नाही, खिळा नाही, वरून भर घालावी लागत नाही, आणि एका गाडीत असे हजारो ठिपके पाहता पाहता मारता येतात. मोटार कारखान्यांनी ही पद्धत स्वीकारली ती या वेगासाठी.

फिलाडेल्फियातील एडवर्ड बड यांच्या कंपनीने १९१० च्या दशकात डॉज मोटारींसाठी संपूर्ण पोलादी बॉडी तयार केल्या आणि लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकण्याची जुनी रीत मागे पडू लागली. बड यांचे तंत्र फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने घेतले. तिची १९३४ ची ट्रॅक्शन अव्हाँ ही गाडी मोनोकॉक रचनेची, म्हणजे वेगळी चॅसी नसलेली आणि पत्र्यांची बॉडी हाच जिचा भार पेलणारा सांगाडा आहे अशी, होती. इंग्लंडमध्ये मॉरिस आणि बड यांच्या भागीदारीतून १९२६ मध्ये काऊली येथे प्रेस्ड स्टील कंपनी स्थापन झाली. मोनोकॉक रचनेत स्पॉट वेल्डचे महत्त्व पालटते, कारण ठिपके निखळले तर गाडीचा कणाच दुबळा होतो. साहजिकच ते काढताना आणि पुन्हा घालताना चूक करण्यास वाव राहात नाही.

भारतात हा सांधा मुंबई आणि बंगालमार्गे आला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० मालिकेच्या गाड्या तयार केल्या, ज्यांचे नाव पुढे पद्मिनी झाले. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरून अ‍ॅम्बॅसेडर घडवली, जिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. या दोन्ही गाड्या मोनोकॉक आहेत. माझगावच्या कारखान्यात महिंद्रांनी जोडलेली विलिस जीप मात्र दोन युगांच्या सीमारेषेवर उभी आहे, कारण तिची जाड चॅसी प्रामुख्याने रिव्हेटांनी बांधलेली असते आणि तीवर बसवलेल्या पातळ पत्र्याच्या बॉडीत ठिकठिकाणी स्पॉट वेल्ड असतात. झाशी आणि जवळचे बबीना ही मोठी लष्करी ठाणी असल्याने जीप या परिसरातील रस्त्यांवर परिचित राहिली. अशा जीपची संपूर्ण दुरुस्ती करणाऱ्याला रेल्वे कारखान्यातील छिन्नी-सुंब्याची विद्या आणि पत्राकामाची नवी विद्या अशा दोन्ही अवगत असाव्या लागतात.

स्पॉट वेल्ड काढण्याची वेळ येते ती मुख्यतः गंजामुळे. दोन पत्रे ठिपक्यांच्या जागी एकजीव झालेले असले, तरी दोन ठिपक्यांच्या मधल्या अंतरात ते नुसते एकमेकांवर टेकलेले असतात, आणि त्या अरुंद फटीत शिरलेले पाणी सहजासहजी वाळत नाही. रंगाचा थर आत पोहोचलेला नसतो, म्हणून गंज आतून सुरू होतो आणि पत्रा बाहेरून फुगलेला दिसतो तेव्हा सांधा बराच खाल्ला गेलेला असतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. बुंदेलखंडाचा उन्हाळा कोरडा असल्याने तेथे ते सावकाश होते, तरी पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल दाराखालच्या पट्टीत आणि फरशीच्या कडांत साठून राहतो व तेच काम करतो.

रिव्हेटच्या तुलनेत येथे पहिली अडचण शोधण्याची आहे. स्पॉट वेल्डला डोके नसते. वर फक्त एक उथळ गोल खळगा असतो आणि तोही रंग, पुट्टी आणि सीलरखाली दडलेला असतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने किंवा रंग उतरवणाऱ्या रसायनाने पत्रा उघडा करतात. तरीही ठिपका दिसला नाही तर दोन पत्र्यांच्या मध्ये पातळ छिन्नी हलकेच घालतात. पत्रा जेथे उघडण्यास नकार देतो तेथे ठिपका असतो. मग प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर सेंटर पंचने खूण करतात, कारण पुढचे हत्यार जागेवरून सरकू नये याची हमी या लहानशा खुणेतून मिळते.

सर्वात जुना आणि सर्वत्र उपलब्ध उपाय साध्या ड्रिलचा आहे, परंतु तो या कामासाठी बनलेला नाही. साध्या ड्रिलचे टोक शंकूसारखे, बहुधा ११८ अंशांच्या कोनाचे असते, त्यामुळे त्याची कड वरच्या पत्र्यातून पूर्ण बाहेर पडण्याच्या आधीच त्याचा मध्य खालच्या पत्र्यात खोल गेलेला असतो, आणि जो पत्रा जपायचा त्यालाच भोक पडते. दुसरा घाईचा मार्ग म्हणजे ठिपक्यात छिन्नी मारून पत्रे फाडून वेगळे करणे. त्याने काम लवकर होते, पण ठिपका खालच्या पत्र्याचा तुकडा घेऊन निघतो आणि कड वेडीवाकडी होते. ही उणीव भरून काढण्यासाठी दोन खास हत्यारे तयार झाली.

पहिले हत्यार मुकुटाच्या आकाराचे कटर. ते म्हणजे दातेरी कड असलेली लहान पोलादी नळी असून तिच्या मध्यभागी स्प्रिंगवर चालणारी टोकदार पिन असते. पिन सेंटर पंचच्या खुणेत बसते, नळी तिच्याभोवती फिरत ठिपक्याच्या बाहेरून वरच्या पत्र्यात एक गोल खाच कापते, आणि खाच पूर्ण झाली की पत्रा सुटतो. ठिपक्याची चकती मात्र खालच्या पत्र्यावर चिकटून राहते, ती मागाहून ग्राइंडरने सपाट करतात. ९ ते १० मिलिमीटर व्यासाचे कटर ५ ते ६ मिलिमीटरच्या ठिपक्याला पुरेसे होते. त्याचे दाते नाजूक असल्याने हात जरा तिरका झाला तरी ते तुटतात. दुसरे हत्यार जवळजवळ सपाट तोंडाचे ड्रिल, ज्याच्या मध्यावर फक्त एक बारीक टोक असते. ते संपूर्ण ठिपकाच खरवडून काढते आणि तोंड सपाट असल्याने वरचा पत्रा सर्व बाजूंनी एकदमच संपतो. बहुधा कोबाल्टमिश्रित हायस्पीड पोलादाचे हे ड्रिल ६, ८ आणि १० मिलिमीटर अशा मापांत मिळते. वेग कमी ठेवणे, दाब सारखा ठेवणे, तेलाचा थेंब देणे आणि धातूच्या किसाचा रंग व पत्र्याची कड यांवर नजर ठेवून नेमक्या क्षणी थांबणे, यांवर त्याचे यश अवलंबून असते. जेथे ड्रिल पोहोचत नाही अशा कोपऱ्यांत बोटभर रुंदीचा पट्टा फिरवणारे सँडर वापरून वरचा पत्रा ठिपक्यापुरता झिजवून काढतात.

ठिपके निघाले म्हणजे पत्रे आपोआप सुटतात असे नाही; कडांवरचा गंज आणि जुना सीलर त्यांना धरून ठेवतो. शेवटची फारकत रुंद, पातळ आणि बोथट धारेच्या छिन्नीने, सांध्याच्या रेषेवरून थोडेथोडे पुढे सरकत करावी लागते. कसलेला शिंपी कापडाला ओढ न देता जुनी शिवण उसवतो, त्याच सावधगिरीचे हे काम आहे. नवा पत्रा बसवताना त्यात साधारण ८ मिलिमीटरची भोके पाडून ती मिग वेल्डिंगने, म्हणजे तारेचा पुरवठा आपोआप होत राहणाऱ्या आणि वायूच्या आवरणाखाली चालणाऱ्या वेल्डिंगने, भरून काढतात; या सांध्याला प्लग वेल्ड म्हणतात. जुन्या ठिपक्यांची संख्या आणि अंतरे पाळली तर बॉडीचे बळ मूळच्या जवळ राहते.

ठिपका काढताना कोणत्या पत्र्यातून शिरायचे हा निर्णय सर्वांत आधी करावा लागतो, आणि पत्राकामातील विवेक तेथेच दिसतो. बाहेरचा दिसणारा पत्रा मूळचा आणि चांगला असेल तर आतल्या बाजूने शिरणे श्रेयस्कर असते, मग हात पोहोचायला कितीही अवघड असो. भारतात या विवेकाला आता कायद्याचेही पाठबळ आहे, कारण २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी जी तरतूद झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या झालेल्या वाहनाला वेगळी नोंदणी मिळते, मात्र त्याच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर या मर्यादेत आल्या आहेत, त्यामुळे जुना पत्रा फेकून नवा बसवणाऱ्यापेक्षा जुना पत्रा सांध्यासह वाचवणाऱ्या कारागिराची किंमत वाढली आहे.

पोलादाची जातही या हत्यारांना बदलायला लावते. जुन्या गाड्यांच्या मऊ पोलादात नगेट भोवतालच्या पत्र्याहून थोडाच कठीण असतो, परंतु आधुनिक गाड्यांच्या उच्चबलाच्या पोलादात तो ठिपका झटकन निवल्यामुळे इतका कठीण होतो की साधे ड्रिल त्यावर घसरते आणि टंगस्टन कार्बाइडचे टोक लागते. रेल्वेच्या बाबतीतही असेच घडले. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून १९५५ पासून निघालेले डबे सर्वस्वी वेल्ड केलेल्या पोलादाचे होते, आणि २००० नंतर आलेल्या एलएचबी डब्यांत स्टेनलेस पोलादाचा वापर झाला. स्टेनलेस पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा जो थर येतो तो पोलाद वितळण्याच्या तापमानालाही वितळत नाही, म्हणून मालडब्यांच्या चौकटीवर दशकानुदशके चाललेली ऑक्सिजनची ज्योत येथे निकामी ठरते आणि विजेच्या चापाने तप्त केलेल्या वायूचा झोत, म्हणजे प्लाझ्मा, वापरावा लागतो. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाशीत रेल्वे डब्यांच्या नूतनीकरण कारखान्याची पायाभरणी झाली. मालडब्यांच्या दुरुस्तीवर वाढलेल्या शहरात प्रवासी डब्यांच्या पुनरुज्जीवनाचेही काम आले, आणि त्याबरोबर उकलण्याच्या विद्येत आणखी एका धातूची भर पडली.

छिन्नी-सुंब्यापासून मुकुटी कटरपर्यंतच्या या प्रवासात नव्याने जुन्याला हद्दपार केले असे दिसत नाही. रिव्हेट अजून आहेत, म्हणून छिन्नी आहे. जाड पोलाद आहे, म्हणून गॅसची ज्योत आहे. पातळ पत्रा आहे, म्हणून सपाट तोंडाचे ड्रिल आहे. प्रत्येक सांधा जितकी वर्षे सेवेत राहतो, तितकी वर्षे त्याचे हत्यार आणि ते चालवणारा हात लागतो. भारतातील कारखान्यांची जी इतिहासपुस्तके निघतात त्यांत उत्पादनाचे आकडे, इमारती आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका असतात, पण छिन्नीचा कोन किती ठेवीत, सुंब्याला पाणी कसे देत, ठिपका कोणत्या बाजूने काढीत, याची नोंद नसते. हे ज्ञान फिटर, गॅस कटर आणि पत्राकाम करणारे यांच्या हातात आहे आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर ते नाहीसे होते. झाशी, परळ, माटुंगा यांसारख्या कारखान्यांनी आणि जुन्या मोटारी जतन करणाऱ्या संस्थांनी ही हत्यारे वापरण्याच्या रीतीसह लिहून, रेखाटून आणि चित्रित करून ठेवली, तर पुढच्या पिढीला जुनी वाहने पाहायला तर मिळतीलच, शिवाय ती उघडून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणि रुळांवर आणताही येतील.